'पकडायचं नाही हां!' म्हणणाऱ्यांसाठी फायटिंग गेम: पार्लरच्या टोकनपासून स्पर्धेपर्यंत, आणि पुढे स्वतःचा फायटर बनवेपर्यंत

आमच्याकडे नाशिकला शाळेच्या मागे एक पार्लर होतं, पार्लर म्हणजे काय तर पत्र्याची शेड, चार मशीन आणि एक टेबलफॅन जो फक्त मालकाच्या तोंडावर वारा घालायचा. तिथे एक रुपयाच्या टोकनवर स्ट्रीट फायटर आणि किंग ऑफ फायटर्स ९७ खेळून मी जे काही शिकलो ते निम्म्याहून जास्त चुकीचं होतं हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. कारण तिथे आमचे नियम होते. पकडून आपटायचं नाही. कोपऱ्यात घेऊन मारायचं नाही. सारखी खालची लाथ मारायची नाही. लांबून आडुकेन आडुकेन (खरं नाव हाडुकेन, हातातून सुटणारा गोळा) करत बसायचं नाही. नंतर मित्राच्या घरी प्लेस्टेशनवर टेक्केन ३ आला तेव्हा त्यात एक कलम वाढलं, एडी नावाचं कॅरेक्टर घ्यायचं नाही. नियम मोडला की 'चीटिंग', मग रिमोट आपटणं, मग दोन दिवस बोलाचाली बंद.

आता मागे वळून बघितलं की ती चीटिंगची यादी म्हणजे अख्खा अभ्यासक्रम होता. ज्याचं उत्तर येत नव्हतं ते आम्ही बंद करून टाकायचो, आणि खरं म्हणजे त्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर गेममध्येच दिलेलं होतं. तर ज्यांनी लहानपणी बटणं बडवलीत आणि आता नीट खेळायचंय, जमलं तर एखाद्या स्पर्धेत उतरायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं जास्त करून स्ट्रीट फायटर ६ ची घेतो कारण मी तोच खेळतो, पण मुद्दे कुठेही चालतील.

पायरी १: गेम एकच घ्या, आणि सोबत बघून घ्या

लोक विचारतात सगळ्यात भारी फायटिंग गेम कोणता. ह्या प्रश्नात वेळ घालवू नका. तुमच्या ओळखीतले दोन जण जो गेम खेळतात तो तुमचा गेम. कोणीच खेळत नसेल तर मग सरळ हिशोब असा: स्ट्रीट फायटर ६ (जून २०२३ ला आला) शिकायला सगळ्यात सोपा, ट्रेनिंग मोड एक नंबर, आणि मोफत डेमो आहे ज्यात र्‍यू आणि ल्यूक ही दोन कॅरेक्टर मिळतात. टेक्केन ८ (जानेवारी २०२४) दिसायला जबरदस्त पण प्रत्येक कॅरेक्टरला ढीगभर मूव्ह, समोरच्याच्याही पाठ कराव्या लागतात, त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन महिने आपल्याला नेमकं कशाने मारलं हेच कळत नाही. जुना लॅपटॉप असेल तर ह्या दोघांचा नाद सोडा आणि फाइटकेड बघा, त्यावर जुने आर्केडचे गेम ऑनलाइन खेळता येतात, स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक आणि किंग ऑफ फायटर्सच्या रूममध्ये रात्रीबेरात्री पण माणसं असतात. तिथले ब्राझील-मेक्सिकोवाले आपल्याला धू धू धुतात तो भाग वेगळा. (जुन्या गेमच्या फाइली कुठून आणायच्या हे मी सांगणार नाही, बरेच जुने गेम स्टीम ह्या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये वडापावच्या भावात मिळतात, ते घ्या.)

कॅरेक्टर पण एकच. र्‍यू घ्या म्हणून सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे पण तुम्हाला र्‍यू बोअर होत असेल तर घेऊ नका, जो बघून खेळावंसं वाटतं तो घ्या, कारण पुढचे दोन महिने तुम्ही हरणार आहात आणि हरताना निदान आवडीचा माणूस तरी पडायला हवा.

पायरी २: रिमोट

आहे तो वापरा. खरंच. मी सुरुवातीलाच उत्साहात महागडी आर्केड स्टिक घेतली, लहानपणीच्या दांड्याची आठवण म्हणून, आणि आठ महिन्यांनी लक्षात आलं की माझा हात पॅडवरच जास्त चालतो, ती स्टिक आता कपाटावर आहे, आईने त्यावर पापडाचा डबा ठेवलाय. आजकाल तर बरेच प्रो लोक दांडा नसलेला, नुसत्या बटणांचा कंट्रोलर वापरतात ज्यात उडी अंगठ्याने मारायची असते. म्हणजे साधा कीबोर्ड हा त्याचाच गरीब भाऊ झाला. फक्त कीबोर्डची एक टेस्ट करून घ्या: नोटपॅड उघडा आणि तुम्ही गेममध्ये वापरणार ती तीन-चार बटणं एकदम दाबा, सगळी अक्षरं उमटली तर कीबोर्ड चालेल, एखादं गायब झालं तर ऐन कॉम्बोत पण तेच गायब होणार.

स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॉडर्न कंट्रोल नावाचा प्रकार आहे, त्यात एक दिशा आणि एक बटण दाबलं की स्पेशल निघतो, बदल्यात मार थोडा कमी बसतो आणि काही मूव्ह मिळत नाहीत. त्याला पण लोक चीटिंग म्हणतात बरं का. पार्लर बदललं, पोरं तीच.

पायरी ३: पहिला आठवडा, फक्त तीन गोष्टी

यूट्यूबवरचे लांबलचक कॉम्बो बंद. पहिल्या आठवड्यात तीनच गोष्टी हव्यात: लांबून टोचायला एक मूव्ह, उडी मारून येणाऱ्याला पाडायला एक मूव्ह, आणि समोरच्याने घोळ घातला तर शिक्षा द्यायला एक छोटा कॉम्बो. र्‍यूचं सांगतो, बसून मीडियम किक मारायची आणि ती लागताना लगेच हाडुकेन, हे झालं टोचणं. उडीला बसून हेवी पंच. शिक्षेसाठी दोन हलके पंच आणि शोर्युकेन (ठोसा मारत वर उडायचा स्पेशल). बास, एवढ्यावर ऑनलाइन रँकमध्ये ब्राँझ-सिल्व्हरपर्यंत आरामात जाता येतं.

हे असं एका मूव्हच्या पोटात दुसरी घुसवणं, म्हणजे ज्याला आपण कॉम्बो म्हणतो, ते १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये मुद्दाम ठेवलेलंच नव्हतं. बनवणाऱ्यांपैकी एकाला गाडी फोडायच्या बोनस स्टेजमध्ये टेस्टिंग करताना दिसलं की फटके एकाला एक जोडले जातायत, त्यांना वाटलं जमवायला अवघड आहे तर राहू दे. त्या 'राहू दे'वर पुढे अख्खा गेमप्रकार उभा राहिला.

आता शोर्युकेन. पुढे, खाली, आणि मग खाली-पुढेचा तिरका, त्यावर पंच. नव्वद टक्के लोकांची तक्रार एकच असते, हाडुकेन टाकायला गेलो आणि शोर्युकेन निघाला, हवेत उडालो आणि मार खाल्ला. ते का होतं ते बघा. तुम्ही पुढे चालत असता, म्हणजे पुढेचं बटण आधीच दाबलेलं आहे, मग तुम्ही खाली, तिरका, पुढे असं हाडुकेनचं करता, पण गेमला दिसतं पुढे-खाली-तिरका-पुढे, आणि त्यात शोर्युकेन पूर्ण बसतो. उपाय काही नाही, चालणं थांबवायचं, अंगठा मधे सुटू द्यायचा, अगदी क्षणभर, आणि मग हाडुकेन. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट दाखवणारी पट्टी चालू करा आणि आपण काय दाबलं ते वाचा. मला वाटायचं माझा पॅड खराब आहे. पॅड चांगला होता.

उड्या पाडायची प्रॅक्टिस अशी करा: ट्रेनिंग मोडमध्ये डमीला, म्हणजे समोरच्या सरावाच्या पुतळ्याला, रेकॉर्डिंगला टाका, स्लॉट एकमध्ये उडी मारून लाथ, स्लॉट दोनमध्ये नुसतं पुढे चालणं, स्लॉट तीनमध्ये जागेवरून हाडुकेन. मग तिन्ही रँडम चालवा. नुसती उडीच रेकॉर्ड केली तर तुम्ही उडीची वाट बघत बसता आणि दहापैकी दहा पाडता, मॅचमध्ये मात्र एक पण नाही, कारण तिथे डोकं इतर गोष्टीत असतं. रोज दहा मिनिटं, गाणी लावून. उडी मारल्यापासून खाली येईपर्यंत साधारण पाऊण सेकंद असतो, बघून पाडता येतं, अंदाज बांधायची गरज नाही.

पायरी ४: फ्रेम, म्हणजे पाळी कोणाची

इथे लोक पळून जातात, पळू नका, हिशोब किराणा दुकानाच्या वहीइतका सोपा आहे. हे गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, एक चित्र म्हणजे एक फ्रेम, म्हणजे १६.६७ मिलिसेकंद. प्रत्येक मूव्हला निघायला काही फ्रेम लागतात आणि मारून झाल्यावर सावरायला काही लागतात. समजा समोरच्याने लाथ मारली, तुम्ही ब्लॉक केली, आणि तुम्ही त्याच्यापेक्षा ४ फ्रेम आधी मोकळे झालात. ह्याला म्हणायचं ती लाथ ब्लॉकवर मायनस ४. स्ट्रीट फायटर ६ मध्ये सगळ्यात जलद पंच बहुतेकांचा ४ फ्रेमचा असतो. म्हणजे तुमचा पंच त्याला बसणारच, तो काहीही करो, फक्त पोहोचेल इतकं अंतर पाहिजे. टेक्केनमध्ये हाच आकडा १० आहे, मायनस १० ची मूव्ह ब्लॉक केली की साधा जॅब (हलका पंच) फुकट.

मायनस ४ पेक्षा कमी असेल, समजा मायनस २, तर शिक्षा नाही पण पाळी तुमची. दोघांनी एकदम पंच दाबला तर तुमचा आधी लागेल. आणि तुम्ही मायनसमध्ये असताना बटण दाबत सुटलात, जे आपण सगळे करतो कारण हात शिवशिवतात, तर मार तुम्हालाच. माझ्या पहिल्या शंभर-दीडशे हरलेल्या मॅचचं कारण एवढंच होतं, पाळी नसताना दाबलं. कोष्टकं पाठ करायची काही गरज नाही. ट्रेनिंग मोडमध्ये फ्रेम मीटर नावाची पट्टी आहे ती चालू करा, ज्या मूव्हने तुम्ही काल सगळ्यात जास्त हरलात ती डमीकडून मारून घ्या, ब्लॉक करा, आणि आकडा बघा. रोज एकच मूव्ह.

पायरी ५: चीटिंगची यादी काढा

आता मुख्य भाग. एक वही घ्या, किंवा फोनमध्ये नोट, आणि हरल्यावर ज्या गोष्टीला तोंडातून शिवी निघाली ती लिहा. मग एकेकाचं उत्तर शोधा. आमच्या गल्लीच्या यादीपासूनच सुरू करू.

पकडणं. ब्लॉक करून बसलेल्या माणसाला उठवायचा उपाय म्हणून थ्रो असतो, तो काढला तर नुसतं ब्लॉक करून बसणारा कधी हरणारच नाही, म्हणजे आमचा पार्लरचा नियम हा मुळात भित्र्यांच्या फायद्याचा होता. उत्तर: तुम्ही पण त्याच क्षणी थ्रो दाबला तर पकड सुटते. किंवा उडी. किंवा मागे डॅश. पण लगेच उड्या मारू नका, कारण हुशार माणूस काय करतो, पकडायला येतोय असं दाखवून पाऊलभर मागे सरकतो, तुमचा सोडवायचा थ्रो हवेत जातो आणि मग तो तुम्हाला अख्खा कॉम्बो घालतो. म्हणजे त्याच्या उत्तराला पण उत्तर आहे. इथून पुढे तो अंदाजाचा खेळ होतो, रमीत समोरच्याने पत्ता उचलला की आपण जसं त्याच्या तोंडाकडे बघतो तसं. आणि एक सांगतो, कधी कधी थ्रो खाऊन घेणंच स्वस्त पडतं.

कोपरा. कोपऱ्यात माणूस का हरतो तर घाबरून बाहेर उडी मारतो, आणि समोरचा त्याचीच वाट बघत असतो. कोपऱ्यात बसून ब्लॉक करा, त्याची पाळी संपू द्या. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ब्लॉक करताना ड्राइव्हच्या (लाईफखालच्या हिरव्या ताकदीच्या) सहापैकी दोन पट्ट्या खर्चून समोरच्याला ढकलता येतं, त्याला ड्राइव्ह रिव्हर्सल म्हणतात. मात्र सगळ्या पट्ट्या संपल्या तर बर्नआउट होतो, म्हणजे परत भरेपर्यंत ती ताकद वापरता येत नाही, आणि मग कोपऱ्यात तुमचं काही खरं नाही, त्यामुळे लाईफच्या पट्टीइतकंच त्या हिरव्या पट्टीकडे लक्ष ठेवा.

लांबून आडुकेन. उत्तर कंटाळवाणं आहे म्हणून कोणी देत नाही. पाऊलभर चाला, ब्लॉक करा, परत पाऊलभर चाला. प्रत्येक हाडुकेनमागे तुम्ही थोडे जवळ येता आणि तो मागे सरकत सरकत स्वतःच कोपऱ्यात जातो. उडी फक्त तेव्हाच मारायची जेव्हा तो आता टाकणार असं आतून वाटतं, टाकलेलं बघून मारली तर उशीर होतो आणि खाली शोर्युकेन तयार असतो.

एडी. टेक्केन ३ मध्ये तो पहिल्यांदा आला, कापोइरा खेळणारा, दोन लाथांची बटणं कशीही बडवली तरी काहीतरी सुंदर निघायचं आणि आपण लोळायचो. त्याचं उत्तर मला खूप उशिरा सापडलं: मधे बटण दाबायचंच नाही. त्याच्या लाथांची माळ चालू असताना आपण एक पंच घुसवू बघतो तिथेच फसतो. माळ संपू दे, खालची लाथ बसून ब्लॉक कर, आणि ब्लॉक झाल्यावर तो किती वेळ उघडा पडतो ते बघून हव्वा तेवढा मार. शेजारच्या दादाला ह्या उत्तराने हरवायची फार इच्छा होती पण तो तोपर्यंत कॅनडाला गेला होता.

नवीन यादीत सगळ्यात वर असतो ड्राइव्ह इम्पॅक्ट, स्ट्रीट फायटर ६ मधला तो रंग उडवत येणारा धक्का. तो २६ फ्रेमनी लागतो, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा थोडं कमी, आणि येताना दोन फटके पचवतो. बघून बटण दाबायला माणसाला साधारण १५ ते २० फ्रेम लागतात, म्हणजे जमतं, पण जेमतेम. उत्तर: तुमचा ड्राइव्ह इम्पॅक्ट, नंतर दाबणारा जिंकतो. किंवा थ्रो, पकडीपुढे ते चिलखत काही कामाचं नाही. तुम्ही ज्या मूव्ह सवयीने सारख्या दाबता त्या बघूनच तो तुमच्यावर टाकला जातो, तेव्हा खरा इलाज म्हणजे बटणं कमी दाबा.

पायरी ६: ऑनलाइन

आधी वायफाय बंद करा, लॅनची वायर ओढा, हॉलमधून नेल्यावर घरचे ओरडतील ते सहन करा. ह्याचं कारण समजून घ्यायला रोलबॅक काय ते कळायला हवं. टपरीवाला जसा आपल्याला लांबून येताना बघूनच नेहमीचा कटिंग भरून ठेवतो, आणि आपण आज कॉफी म्हणालो की तो चहा गपचूप बाजूला सरकवून कॉफी देतो, तसं. समोरच्याचं बटण नेटवरून यायच्या आधीच गेम अंदाज करतो की तो मगाशी जे करत होता तेच करतोय, आणि अंदाज चुकला तर दोन-तीन फ्रेम मागे जाऊन पटकन दुरुस्त करतो. हे जीजीपीओ नावाने टोनी कॅनन ह्या माणसाने २००६ च्या सुमारास बनवलं, आणि तोच इव्हो ह्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक आहे, म्हणजे खेळणाऱ्यालाच त्रास झाला म्हणून बनलं. पिंग (बटण नेटवरून जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त पण स्थिर असेल तर रोलबॅक निभावून नेतो. वायफायवर पिंग सारखा वरखाली होतो आणि मग समोरचा माणूस टेलिपोर्ट झाल्यासारखा दिसतो, आणि शिव्या तुम्हाला पडतात.

रँक्डमध्ये (रँक ठरवणाऱ्या ऑनलाइन मॅचमध्ये) एका बसणीला तीन-चारच माणसं खेळा, पण हरलात की रिप्ले बघा. पूर्ण नाही, फक्त जिथे लाईफ एकदम खाली आलं ते दोन-तीन क्षण. माझ्या बाबतीत प्रत्येक रिप्लेत तेच दिसायचं, उठताना मी दर वेळी, दर वेळी शोर्युकेन दाबत होतो. समोरच्याला ते दुसऱ्याच राउंडला कळलेलं असायचं. मला तीन महिन्यांनी.

पायरी ७: स्पर्धा

जाऊन या. तयार झाल्यावर जाऊ असं ठरवलं तर कधीच जाणार नाही. बहुतेक ठिकाणी डबल एलिमिनेशन असतं, म्हणजे दोनदा हरलं की बाहेर, त्यामुळे एकदा हरलं म्हणून घरी जावं लागत नाही. मॅच बहुतेक तीनपैकी दोनची. एका गेमनंतर जिंकणारा कॅरेक्टर बदलू शकत नाही, हरणारा बदलू शकतो, हा नियम साधारण सगळीकडे असतो. आणि मॅच चालू असताना पॉज झाला तर ज्याच्याकडून झाला त्याचा राउंड जातो, म्हणून आत गेल्या गेल्या बटणं तपासायला मागा आणि पॉजचं बटण लांबची दोन बटणं दाबल्याशिवाय लागणार नाही असं सेट होतंय का बघा.

माझी पहिली स्पर्धा पुण्यात एका कॅफेत होती. दहा मिनिटांत आटोपलो, शून्य-दोन. त्यात दुसऱ्या मॅचला, शेवटचा राउंड, माझं थोडं जास्त लाईफ, आणि एकदम स्क्रीनवर मेनू उघडला. मी नाही, समोरच्याने नाही. आधीच्या मॅचचा एक पोरगा मागे खुर्चीवर बसून पॅडवर अंगठा फिरवत होता, त्याचा वायरलेस पॅड कन्सोलला अजून जोडलेला होता. राउंड परत खेळवला, मी हरलो, तो विषय सोडा. तर शिकवण नाही, सूचना: वायर घेऊन जा, आणि मॅच झाल्यावर आपला पॅड कन्सोलमधून काढून मगच उठा. सोबत पाण्याची बाटली, वायरला जोडायचा कन्व्हर्टर लागत असेल तर तो, आणि हरल्यावर घरी न पळता मागे जे सेट मोकळे असतात तिथे जाऊन बसा. स्पर्धेपेक्षा तिथेच जास्त शिकायला मिळतं, मला तर समोरच्याने स्वतःहून सांगितलं की तू उठताना दर वेळी शोर्युकेन मारतोस.

वय झालं म्हणून लाजू नका. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ ला पदक होतं, भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले, आणि सुवर्ण जिंकणारा कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता. आणि आपल्याकडे सोयी नाहीत म्हणणाऱ्यांसाठी लाहोरचा अर्सलान ॲश: आर्केडमध्ये खेळून तयार झालेला पोरगा, २०१९ मध्ये टेक्केन ७ ला आधी इव्हो जपान आणि मग लास वेगासची इव्हो, दोन्ही घेऊन गेला.

आणि एक व्हिडिओ बघितला नसेल तर बघा, इव्हो २००४, थर्ड स्ट्राइक, डायगो उमेहाराचा केन विरुद्ध जस्टिन वाँगची चुन-ली. केनचं लाईफ इतकं कमी की नुसतं ब्लॉक केलं तरी मेला असता. चुन-लीचा सुपर (साठवून मारायचा मोठा हल्ला) येतो, १५ लाथा, आणि डायगो प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणी पुढे दाबून ती परतवतो, शेवटची तर हवेत, आणि मग तिथेच कॉम्बो लावून मॅच संपवतो. प्रेक्षकांचा आवाज ऐका. गंमत म्हणजे ती स्पर्धा डायगो जिंकला नाही, फायनलला हरला.

पायरी ८: स्वतःचा फायटर

ही पायरी ऐच्छिक आहे पण मला सगळ्यात आवडते. चाहत्यांनी गेम मोडून-तोडून नवा करणं हे जुनंच आहे. पार्लरमध्ये तुम्ही असा स्ट्रीट फायटर २ खेळला असाल ज्यात हवेतून हाडुकेन सुटायचे आणि ते वळत वळत यायचे, मधेच कॅरेक्टर बदलायचं. आम्हाला तो ओरिजिनल वाटायचा! तो रेनबो नावाने ओळखला जाणारा हॅक होता, आणि १९९२ मध्ये कॅपकॉमने गेमचा वेग वाढवलेली हायपर फायटिंग आवृत्ती काढली त्यामागे असल्या हॅकचाच धक्का होता.

स्वतः करायचं तर मुगेन. एलेकबाइट ह्या टीमने १९९९ मध्ये काढलेलं, फायटिंग गेम बनवायचं मोफत इंजिन, आणि आता त्याच्याशी जुळणारं इकेमेन गो नावाचं ओपन सोर्स इंजिन पण आहे. सोबत कुंग फू मॅन नावाचं एक कॅरेक्टर येतं, त्याच्यावरच हात साफ करायचा. शून्यातून चित्रं काढायला बसू नका, सोडून द्याल.

त्याच्या फोल्डरची कॉपी करा, नाव बदला, आतल्या डेफ फाइलचं पण तेच नाव ठेवा आणि ती उघडून नाव बदला. मग डेटा फोल्डरमधल्या सिलेक्ट नावाच्या फाइलमध्ये कॅरेक्टरच्या यादीत ते नाव एका ओळीत टाका. गेम चालू करा, तुमचा माणूस दिसायला हवा. नाही दिसला तर फोल्डर आणि डेफचं नाव जुळत नसणार, शंभरातल्या नव्वद वेळा तेच. आत काय काय असतं: एका फाइलमध्ये चित्रं, एकात कोणतं चित्र किती फ्रेम दाखवायचं ते, एकात आवाज, एकात बटणांचे क्रम, आणि सीएनएस फाइलमध्ये सगळी अक्कल. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. लाईफ १००० लिहिलेलं दिसेल, चालायचा वेग दिसेल. आकडे बदला, सेव्ह करा, खेळा.

मग खेळताना कंट्रोल आणि सी दाबा. कॅरेक्टरवर चौकोन दिसायला लागतील, निळे म्हणजे जिथे मार लागतो, लाल म्हणजे जिथून मार बसतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसता लाथा मारत बसलो. चित्रातला पाय कुठे आहे ह्याला काही अर्थ नसतो, लाल चौकोन निळ्याला शिवला का एवढंच गेम बघतो. पार्लरमध्ये 'लागलंच नव्हतं रे!' म्हणून झालेली सगळी भांडणं तिथे मिटली.

अजून एक प्रयोग नक्की करा. फटक्याच्या व्याख्येत पॉजटाइम नावाची ओळ असते, फटका लागल्यावर दोघं जण किती फ्रेम गोठतात त्याची. ती शून्य करून पंच मारा. डॅमेज तेवढाच, आवाज तोच, पण पंच कापसाच्या गादीत गेल्यासारखा वाटेल. आता ८ करा, मग १५. कधी कधी पंचात दम आहे असं आपल्याला का वाटतं ते हाताला कळतं.

विकायचं मात्र नाही. दुसऱ्यांची चित्रं वापरलेली असतात, पैसे आले की वकील येतात. कधी कधी पैसे नसले तरी येतात: घोड्यांच्या कार्टूनवर चाहत्यांनी बनवत आणलेला एक फायटिंग गेम २०१३ मध्ये हॅस्ब्रोने नोटीस देऊन बंद पाडला, मग त्या कार्टूनची मूळ निर्माती लॉरेन फॉस्ट हिनेच त्यांना नवीन कॅरेक्टर काढून दिली आणि देम्स फाइटिन हर्ड्स नावाने तो रीतसर गेम झाला. उलटही झालंय, सिंगापूरच्या एका चाहत्याने बनवलेला स्ट्रीट फायटर आणि मेगा मॅनचा गेम २०१२ मध्ये कॅपकॉमने स्वतः मोफत वाटला.

तुमचा फायटर उभा राहिला की कोणाच्या तरी हातात द्या, ज्याला काही सांगितलेलं नाही अशाच्या. मी मावसभावाला दिला, वय तेरा. अर्ध्या तासात त्याने कोपऱ्यात एकच खालची लाथ परत परत मारून न संपणारा कॉम्बो शोधला आणि मला पूर्ण लाईफवरून मारलं. माझ्या तोंडातून गेलं, 'ए, चीटिंग करू नकोस.' रात्री बसून सीएनएस उघडली, लाथ सावरायच्या आधी समोरचा मोकळाच होत नव्हता, हिटटाइम १५ होता. ११ केला, आता ती लाथ दोनदाच लागते.